‘जेवून रायलो’चे व्याकरण : इंग्रजी फ्रेजल व्हर्ब, इन्फिनिटिव्ह आणि वर्धाकाठची बोली

प्रस्तावना

मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीत सर्वाधिक अडविणारा भाग कोणता, असा प्रश्न केला तर बहुधा काळ, प्रयोग किंवा आर्टिकल यांचे नाव घेतले जाते. परंतु काळांचे तक्ते पाठ करता येतात. पाठांतराला दाद न देणारा भाग निराळाच आहे. ‘गो’, ‘गेट’, ‘पुट’, ‘टर्न’, ‘सेट’ यांसारखी साधी क्रियापदे ‘ऑन’, ‘आउट’, ‘अप’, ‘ऑफ’ अशा एखाद्या लहानशा अव्ययाला जोडली जातात आणि त्यांचा मूळ अर्थ पार बदलतो. त्यांच्यापुढे पुन्हा कधी ‘टू’ लावलेले क्रियापद येते, तर कधी ‘इंग’ लावलेले. ‘गो ऑन टू स्पीक’ म्हणजे आधीचे काही आटोपून नंतर बोलायला लागणे आणि ‘गो ऑन स्पीकिंग’ म्हणजे बोलतच राहणे. हा फरक कोशात पाहून कळतो, पण अंगवळणी पडत नाही.

ही अडचण केवळ आपल्याकडची नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच क्रियापद व अव्यय यांच्या या जोडणीचा निर्देश करून परक्यांना सर्वाधिक त्रास येथेच होतो, असे नमूद केले होते. ‘फ्रेजल व्हर्ब’ ही संज्ञा रूढ होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडिअम्स’ या ग्रंथाने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र इंग्रजी व्याकरण एवढाच नाही. पुलगाव परिसरातील विद्यार्थी ज्या बोलीत वाढतो, त्या बोलीत क्रियापदाला क्रियापद जोडण्याची अत्यंत समर्थ व्यवस्था आहे. इंग्रजीतील या अवघड भागाकडे जाण्याची वाट तिच्यातूनच निघते. परंतु ही व्यवस्था शालेय व्याकरणाच्या व्याख्येत बसत नाही आणि मराठीच्या तासाला तिच्यावर लाल रेघ ओढली जाते. त्या रेघेची चिकित्सा करणे हा येथील हेतू आहे.

‘टाक’, ‘दे’, ‘काढ’, ‘बस’

इंग्रजी जे काम अव्ययाकडून करून घेते, ते मराठी दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. ‘ईट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’, ‘थ्रो अवे’ म्हणजे ‘फेकून दे’, ‘राइट आउट’ म्हणजे ‘लिहून काढ’, ‘रन अवे’ म्हणजे ‘पळून जा’, ‘सिट अप’ म्हणजे ‘उठून बस’. या ‘टाक’मध्ये काही टाकायचे नसते आणि ‘दे’मध्ये कोणाला काही द्यायचे नसते. मूळ अर्थ झिजून केवळ क्रियेच्या पूर्णतेची, दिशेची किंवा बोलणाऱ्याच्या मनोवृत्तीची छटा तेवढी उरलेली असते. ‘करून बसला’ यातील ‘बसला’ हे तर नापसंतीचे क्रियापद आहे. ‘नको तो करार करून बसला’ या वाक्यात कोणी बसलेले नाही. केले ते चुकले आणि आता निस्तरता येत नाही, एवढे सगळे त्या ‘बसला’मध्ये आले. इंग्रज अशा वेळी ‘ही हॅज गॉन अँड साइन्ड इट’ असे म्हणतो. तेथेही कोणी कुठे गेलेले नसते.

क्रियापदांची ही जोडणी भारतीय भाषांचे सामाईक लक्षण मानली जाते. पीटर हुक यांनी १९७४ मध्ये हिंदीतील संयुक्त क्रियापदांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ मध्ये दक्षिण आशिया हा एक भाषिक प्रदेश कसा ठरतो, याची मांडणी करताना जी लक्षणे तपासली, त्यांत या जोडणीचा समावेश होता. मराठीत तिचे प्रमाण हिंदीपेक्षा कमी, हेही हुक यांनी दाखविले आहे. जेथे हिंदी भाषक ‘खा लिया’ म्हणतो, तेथे मराठी माणसाचे ‘खाल्ले’ एवढ्याने भागते. म्हणून मराठीत दुसरे क्रियापद जेथे येते, तेथे ते बहुधा काही तरी विशेष सांगण्यासाठी आलेले असते.

आता याला इन्फिनिटिव्ह जोडून पाहावे. संस्कृतच्या तासाला विद्यार्थी ‘कृत्वा’ म्हणजे ‘करून’ आणि ‘कर्तुम्’ म्हणजे ‘करायला’ असे त्वान्त-तुमन्त शिकलेला असतो. इंग्रजीचा इन्फिनिटिव्ह हा या तुमन्ताचा शेजारी. मराठीत त्याची दोन रूपे चालतात: ‘करू’ आणि ‘करायला’. ‘करू दे’, ‘करू शकतो’, ‘करू लागला’ हा एक गट, तर ‘करायला गेला’, ‘करायला लावले’, ‘करायला निघाला’ हा दुसरा. ‘खाऊन टाकू दे’, ‘लिहून काढायला लाव’, ‘फेकून द्यायला सांग’ अशी वाक्ये कोणतेही मूल न अडखळता बोलते. त्वान्त, त्यावर अर्थ झिजलेले क्रियापद, त्याचे तुमन्त आणि शेवटी मुख्य विधान करणारे क्रियापद, अशी ही चार कड्यांची साखळी आहे. ‘टेल हिम टू थ्रो इट अवे’ या वाक्याची रचना याहून सोपी आहे.

साखळीला नियम मात्र आहेत आणि ते कोणी शिकविलेले नसतात. ‘तो कविता लिहून काढू लागला’ हे वाक्य चालते. ‘तो लाडू खाऊन टाकू लागला’ हे एका लाडवाबद्दल चालत नाही. रोज कोणाचे तरी लाडू फस्त करण्याची सवय लागली असेल तरच ते जमते. कारण ‘टाकणे’ क्रियेचा शेवट सांगते, ‘लागणे’ तिची सुरुवात सांगते आणि एका घासाला एकाच दमात दोन्ही टोके दाखविता येत नाहीत. ‘काढणे’ तसे नाही. त्यात क्रियेची वाटचाल आहे. नकाराचेही तसेच. ‘त्याने लाडू खाऊन टाकला नाही’ असे कोणी सहसा म्हणत नाही, ‘खाल्ला नाही’ असेच म्हणते. जे घडलेच नाही, त्याची पूर्णता कशी सांगणार? लहान मुलाला ठाऊक असणारा हा नियम शालेय व्याकरणाच्या पुस्तकात सहसा आढळत नाही.

मराठी व्याकरणाची परंपरा दुबळी आहे असे यावरून समजू नये. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी पुढे या परंपरेची परखड फेरतपासणी केली. अडचण आहे ती या ग्रंथांतून गाळून शाळेपर्यंत पोचलेल्या पातळ अर्काची. शाळेतील व्याख्या सांगते की धातुसाधित व सहायक क्रियापद मिळून एकाच क्रियेचा बोध झाला तर ते संयुक्त क्रियापद. व्याख्या चुकीची नाही. पण तिच्या आधारे ‘खेळू लागली’ आणि ‘खाऊन टाक’ ही अगदी भिन्न स्वभावाची माणसे एकाच बाकावर बसविली जातात आणि उदाहरण ओळखा, दोन गुण मिळवा, एवढ्यावर प्रकरण मिटते.

एक ‘लागणे’, अनेक अर्थ

‘लागणे’ या एका क्रियापदाकडे पाहिले तरी ही सांगड किती नाजूक आहे हे ध्यानात येते. ‘ती भाकरी करू लागली’ म्हणजे तिने सुरुवात केली. ‘ती आईला भाकरी करू लागली’ म्हणजे तिने आईला मदत केली. ‘तिला भाकरी करावी लागली’ म्हणजे तिच्यावर तशी पाळी आली. क्रियापद तेच, करणारी तीच, भाकरीही तीच. धातुसाधिताचे रूप बदलले किंवा वाक्यात ‘आईला’ आले, की सुरुवातीची मदत होते आणि मदतीची सक्ती होते. इंग्रजीत ‘यूज्ड टू कुक’ म्हणजे पूर्वी स्वयंपाक करीत असे आणि ‘यूज्ड टू कुकिंग’ म्हणजे स्वयंपाकाची सवय असलेला, हे पाहून विद्यार्थी कपाळाला हात लावतो. घरी मात्र तो यापेक्षा अवघड व्यवहार रोज बिनचूक करीत असतो. त्याला हे कोणी दाखवून दिलेले नसते, एवढेच.

‘निघणे’ हे आणखी एक उदाहरण. ‘सेट आउट टू’ याचा अर्थ अनेक मार्गदर्शकांत ‘उद्दिष्ट ठेवून प्रारंभ करणे’ असा दिलेला असतो. ‘टर्न आउट टू बी’ याला ‘असल्याचे सिद्ध होणे’ असे भारदस्त रूप मिळते. पहिल्यासाठी मराठीत ‘करायला निघाला’ आणि दुसऱ्यासाठी नुसते ‘निघाला’ पुरते. ‘जग सुधारायला निघाला आणि स्वतःच लबाड निघाला’ या एका वाक्यात दोन्ही फ्रेजल व्हर्ब आपापल्या जागी येऊन बसतात. ‘गेट राउंड टू’साठी कोशकार ‘सवड काढणे’ असे लिहितात. ‘एकदाचा पत्र लिहायला मुहूर्त लागला’ यात जो कंटाळा, जी दिरंगाई आणि जो सुटकेचा निःश्वास आहे, तो ‘सवड’मध्ये नाही. इंग्रजी बोलभाषेतील जिवंत प्रयोगाला मराठी बोलभाषेतील जिवंत प्रयोग सोडून ग्रंथाळलेली मराठी देण्याची ही खोड जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी अनेक पिढ्यांना इंग्रजी दिले, ते वाक्यास वाक्य देऊन. त्यांची ती पद्धत पुढच्यांनी सोडली, जडत्व तेवढे उचलले.

वर्धाकाठचे ‘रायला’

येथपर्यंतची उदाहरणे प्रमाण मराठीतील आहेत. पुलगावच्या विद्यार्थ्याची घरची भाषा येथून पुढे सुरू होते.

पुलगाव वर्धा नदीच्या काठी वसले आहे. ही नदी केवळ पाण्याची वाट नाही, ती जुनी राजकीय सीमा आहे. तिच्या पलीकडे जुना वऱ्हाड प्रांत, अलीकडे नागपूरकरांचा मुलूख. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरी या दोन्हींची दखल आहे. पुलगाव बसते ते नेमके त्यांच्या सांध्यावर. त्यात मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे स्थानक, एकेकाळची कापड गिरणी, आर्वीला जाणारी एकेकाळची नॅरोगेज गाडी आणि सैन्याचे विस्तीर्ण दारूगोळा भांडार यांमुळे येथे देशभरची माणसे आली आणि हिंदी बाजारात, फलाटावर, वसाहतीत नांदू लागली. १९५६ पर्यंत हा भाग ज्या मध्यप्रांत-वऱ्हाड व नंतरच्या मध्यप्रदेश राज्यात होता, त्या राज्याचा कारभारही हिंदी व मराठी अशा दोन भाषांत चाले.

या मुलखात ‘काय करतो आहेस?’ असे विचारीत नाहीत. ‘काय करून रायला?’ असे विचारतात. उत्तर येते, ‘जेवून रायलो’. बाहेर पाऊस पडत असेल तर ‘पाणी येऊन रायलं’. पुण्यामुंबईच्या कानाला यात भूतकाळ ऐकू येतो, कारण ‘राहिला’ हे रूप भूतकाळाचे. मग विनोद होतात. चित्रपटात, रंगमंचावर ‘करून राहिला’ हे रूप नागपूरकडच्या पात्राला हसण्यासाठी चिकटविलेली शेपटी असते. शाळेच्या निबंधात हेच रूप आले की ते अशुद्ध ठरते आणि विद्यार्थ्याला ‘करीत आहे’ असे तीनदा लिहावयास लावले जाते.

वस्तुतः हे रूप काय आहे? आधी पाहिलेल्या कसोट्या त्याला लावून पाहाव्यात. नकार: ‘खाऊन टाकला नाही’ हे अडते, पण ‘मी जेवून नाही रायलो’ हे सहज चालते. म्हणजे हे ‘राहणे’ ‘टाकणे’च्या जातीचे नाही. साखळी: ‘तो सारे लाडू खाऊन टाकून रायला’ हे वाक्य या बोलीत पूर्णपणे शुद्ध आहे. एक संयुक्त क्रियापद संपल्यावर त्यावर ‘रायला’ चढते, जसे प्रमाण मराठीत ‘टाकतो’वर ‘आहे’ चढते. तुमन्तासह: ‘तो मले आत येऊ देऊन नाही रायला’. येथे ‘येऊ’ हे तुमन्त, ‘देऊन’ हे अनुमती देणारे क्रियापद, मध्ये नकार आणि शेवटी ‘रायला’. इंग्रजीत याला ‘ही इज नॉट लेटिंग मी इन’ म्हणावे लागेल आणि त्या ‘इन’पाशी आपण पुन्हा फ्रेजल व्हर्बच्या दारात येऊन उभे राहतो. आणि अखेरची कसोटी: ‘सध्या कुठं राहून रायला?’ हा प्रश्न या भागात रोज विचारला जातो. ‘राहणे’ला ‘राहणे’च जोडले गेले आणि कोणालाही द्विरुक्ती जाणवली नाही. जोडलेल्या ‘राहणे’चा मूळ अर्थ पूर्णपणे गेल्याशिवाय हे शक्य नाही. इंग्रजीत ‘आय ॲम गोइंग टू गो’ म्हणताना पहिल्या ‘गो’चे जे झाले आहे, तेच येथे झाले.

थोडक्यात, ‘-ऊन रायला’ हे संयुक्त क्रियापद नसून चालू काळ दाखविणारा प्रत्ययप्राय घटक आहे. त्याला अशुद्ध म्हणणे म्हणजे ‘आहे’ला अशुद्ध म्हणणे होय.

हा हिंदीचा परिणाम, असे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. ‘कर रहा है’ शेजारीच आहे, तेव्हा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु सोपे उत्तर अर्धेच असते. हिंदीत नुसत्या धातूला ‘रहा’ लागतो आणि पुढे ‘है’ येते. येथे मराठीचे ‘-ऊन’ आहे आणि ‘आहे’चा पत्ता नाही. दुसरे असे की या प्रयोगाचे बीज प्रमाण मराठीतच आहे. ‘टिकून राहणे’, ‘चिकटून राहणे’, ‘लपून राहणे’, ‘धरून राहणे’ ही रूपे पुण्यातही शुद्धच मानली जातात. त्यांत एखादी स्थिती तशीच चालू असल्याचा अर्थ आहे. इंग्रजीत तेथे ‘होल्ड ऑन’, ‘स्टिक टू’ येतात. स्थिती चालू आहे, यावरून क्रिया चालू आहे, येथवर जाण्यास फार मोठी उडी लागत नाही. वर्धाकाठच्या बोलीने ती उडी घेतली. हिंदीने फार तर पाठीवर हात ठेवला असेल.

या बोलीची आणखी एक श्रीमंती आहे आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. येथे ‘बोलत रायला’ आणि ‘बोलून रायला’ अशी दोन्ही रूपे नांदतात. पहिले म्हणजे थांबलाच नाही, बोलतच गेला. दुसरे म्हणजे या क्षणी बोलतो आहे. ‘कीप ऑन टॉकिंग’ आणि ‘इज टॉकिंग’ यांतील फरक एकाच ‘राहणे’च्या आधारे, केवळ मागच्या धातुसाधिताचे रूप पालटून ही बोली सांगते. तो फरक पुलगावच्या विद्यार्थ्याला शिकवावा लागू नये. ‘कीप ऑन’ दिसले की ‘-त राहणे’ आणि ‘इज’पुढे ‘इंग’ दिसले की ‘-ऊन रायला’, एवढे सांगितले तरी पुरे. परंतु ते सांगण्यासाठी शिक्षकाला वर्गात ‘रायला’ हा शब्द उच्चारावा लागतो आणि घोडे तेथेच पेंड खाते.

‘टू’ आणि ‘-ले’

इन्फिनिटिव्हच्या बाबतीत बोली याहूनही अधिक पारदर्शक आहे. प्रमाण ‘करायला’ला येथे ‘कराले’ म्हणतात, ‘भेटायला’ला ‘भेटाले’. हा ‘-ले’ आणि ‘मले’, ‘तुले’, ‘गावाले’ यांतील ‘-ले’ एकच. ‘गावाले जातो’ आणि ‘भेटाले जातो’ या दोहोंत नामाला आणि क्रियेला एकच विभक्ती लागली आहे. प्रमाण मराठीतही ‘-ला’ तोच आहे, पण ‘भेटायला’तील ‘-आय-’मुळे तो थोडा झाकला जातो. इंग्रजीतील इन्फिनिटिव्हचा ‘टू’देखील मुळात दिशा दाखविणारा ‘टू’च होता, हे भाषेच्या इतिहासाने सिद्ध आहे. मराठीचा ‘-ला’, बोलीचा ‘-ले’ आणि इंग्रजीचा ‘टू’ हे तिघे एकाच वाटेने आले.

तेथेच एक खड्डाही आहे. ‘लुक फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ लागते, हे सांगून शिक्षक थकतात आणि अर्जांत, पत्रांत ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ येतच राहते. मराठीत ‘भेटायला उत्सुक’ आणि ‘भेटीला उत्सुक’ यांत फरक जाणवत नसल्याने विद्यार्थ्याला दोन्ही ‘टू’ सारखेच वाटतात. हे अपवाद म्हणून पाठ करवून घेण्याऐवजी ‘टू’च्या पुढे नाम ठेवून पाहावयास सांगावे. ‘लुक फॉरवर्ड टू द फेस्टिव्हल’ चालते, म्हणून तेथे ‘इंग’. ‘सेट आउट टू द फेस्टिव्हल’ या अर्थाने जमत नाही, म्हणून तेथे मूळ धातू. ‘गिव्ह अप’ आणि ‘पुट ऑफ’ यांचा गट याहून सोपा. तेथे ‘सोडून देणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ यांना कर्म हवेच असते, सिगारेट ओढणे सोडले, जाणे पुढे ढकलले, म्हणून ‘इंग’च येणार.

लाल शाई

याउलट, बोलीमुळे होणाऱ्या चुकाही आहेत आणि त्या लपविण्याचे कारण नाही. ‘मले समजून नाही रायलं’ हे येथील अत्यंत स्वाभाविक वाक्य. त्यातून ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ जन्माला येते. प्रमाण इंग्रजीत ‘अंडरस्टँड’, ‘नो’, ‘वाँट’ ही क्रियापदे सहसा चालू काळात वापरीत नाहीत. या बोलीत ‘रायला’ कोणत्याही क्रियापदावर निर्धास्तपणे बसते. ‘मी उद्या नागपूरले जाऊन रायलो’ यात तो भविष्यकाळही सांगतो आणि तेथे योगायोगाने इंग्रजीशी तंतोतंत जुळतो: ‘आय ॲम गोइंग टू नागपूर टुमारो’. एके ठिकाणी बोली तारते, दुसऱ्या ठिकाणी पाडते. कोठे काय होते, हे ज्या शिक्षकाला बोलीचे व्याकरण ठाऊक आहे त्यालाच सांगता येईल. ज्याला बोली म्हणजे केवळ अशुद्ध मराठी वाटते, तो ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’खालीही रेघ ओढतो आणि ‘समजून नाही रायलं’खालीही. विद्यार्थ्याच्या हाती दोन रेघा उरतात, कारण एकाचेही नाही. पुढे तो वर्गात तोंड उघडीत नाही. आणि जो बोलत नाही त्याला कोणतेच फ्रेजल व्हर्ब येत नाही, कारण ती मुळात बोलण्याची वस्तू आहे.

साहित्यसमीक्षेनेही येथे फारशी मदत केलेली नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची, सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ ची. वऱ्हाडी संवादांची ताकद या कादंबऱ्यांनी मराठी वाचकाला दाखवून दिली. परंतु त्यांच्यावरील लेखनात बोलीविषयी जे येते ते ‘मातीचा गंध’, ‘अस्सलपणा’, ‘रांगडेपणा’ या चार-दोन शब्दांपलीकडे क्वचितच जाते. गंध घेऊन व्याकरण कळत नाही. कौतिकच्या तोंडचे वाक्य काळजाला का भिडते, याचे काही उत्तर तिच्या सोसण्यात आहे, तर काही तिच्या क्रियापदांत असावे; ते शोधण्याची तसदी समीक्षक घेत नाहीत. बोलीला अवतरणचिन्हांत बसवून तिचे कौतुक करणे आणि निबंधात तिच्यावर रेघ ओढणे, या दोन गोष्टी वाटतात तितक्या परस्परविरोधी नाहीत.

पुलगावपासून जवळच, वर्ध्याला, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली, तिच्या ठरावांत शिक्षणाचे माध्यम मातृभाषा असावे हा एक प्रमुख ठराव होता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा यांतून शिक्षण देण्याचा पुरस्कार केला आहे. महाराष्ट्रात इंग्रजी २००० सालापासून पहिलीच्या वर्गात आली, त्यामुळे तीही आता सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात आहे. या सर्व दस्तऐवजांत ‘मातृभाषा’ म्हणून जी अभिप्रेत असते, ती व्यवहारात पाठ्यपुस्तकाची प्रमाण मराठी होते. देवळी तालुक्यातील मुलाची आई मात्र ‘बाळा, काय करून रायला?’ असे विचारते.

सेवाग्रामच्या बुनियादी शिक्षणात मुलाच्या हातातली टकळी हे गणिताचे आणि भूगोलाचे साधन मानले गेले होते. त्याच न्यायाने मुलाच्या तोंडातले क्रियापद हे व्याकरणाचे साधन होण्यास हरकत नसावी. सहावी-सातवीच्या वर्गात फळ्यावर ‘बोलून रायला’, ‘बोलत रायला’, ‘बोलाले लागला’, ‘बोलू देऊन नाही रायला’ ही चार वाक्ये लिहावीत. शेजारी प्रमाण मराठीत ‘बोलतो आहे’, ‘बोलत राहिला’, ‘बोलायला लागला’, ‘बोलू देत नाही’. आणि त्यापुढे इंग्रजीत ‘इज स्पीकिंग’, ‘केप्ट ऑन स्पीकिंग’, ‘बिगॅन टू स्पीक’, ‘इज नॉट लेटिंग मी स्पीक’. तिसऱ्या वाक्यात ‘टू’ का आला आणि चौथ्यात ‘लेट’नंतर तो का गळला, हा प्रश्न मग विद्यार्थी स्वतःच विचारील. कारण पहिल्या रकान्यात ‘बोलाले’ आणि ‘बोलू’ ही दोन वेगळी रूपे त्याच्या डोळ्यांसमोर असतील, आणि ‘बोलाले देऊन नाही रायला’ असे आपण कधीच म्हणत नाही, हे त्याला न सांगता ठाऊक असेल.